जपानच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सहाय्यक बाई



शिकलेल्या मुलींपुढं कोणकोणती कामं आहेत, हे आपण या भाषणांमधून पाहतो आहोत. आज जरा लांबच्या कामाविषयी बोलू या. जपानमधल्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला पुष्कळदा दोन शिक्षक असतात. एक तिथले जपानी शिक्षक, आणि त्यांच्या जोडीला परदेशातून आलेले सहाय्यक. या सहाय्यकांमध्ये बायकाही पुष्कळ असतात. हे काम नेमकं काय असतं, ते चांगलं कसं करायचं आणि कुठं ते वाया जातं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या गावातली एखादी मुलगी उद्या जपानला जाईल, तिच्यासाठी हे आहेच. पण दुसऱ्याच्या हाताखाली, मदतनीस म्हणून काम करायचं आणि तरीही आपलं काम उमटलं पाहिजे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या रोजच्या ओळखीचा आहे. अंगणवाडीतल्या मदतनीस ताईंना तर तो समजावून सांगायलाच नको.

हे काम आलं कुठून?

जपानमध्ये मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकत. व्याकरण पाठ असायचं, परीक्षेत गुणही मिळायचे. पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की तोंडातून शब्द फुटत नसे. आपल्याकडंही हे दुखणं नवं नाही. मुलांना इंग्रजी बोलणारी माणसं प्रत्यक्ष भेटावीत, आणि लहानसहान गावांचाही बाहेरच्या जगाशी संबंध यावा, म्हणून जपान सरकारनं १९८७ साली एक योजना सुरू केली. तिचं नाव जपान एक्स्चेंज अँड टीचिंग प्रोग्रॅम. सगळे तिला ‘जेट’ म्हणतात. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २०१९ साली या योजनेत ५७ देशांतले साडेपाच हजारांहून जास्त लोक काम करत होते. त्यातले बहुतेक शाळांमधले सहाय्यक शिक्षक.

या योजनेत नेमणूक एका वर्षाची असते. काम पटलं तर करार पुढं वाढतो, तोही जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत. पदवी लागते, शिक्षिकेचं प्रशिक्षण झालेलंच असावं अशी अट नाही. या योजनेशिवाय काही नगरपालिका स्वतः सहाय्यक नेमतात, आणि काही ठिकाणी खासगी कंपन्या शाळांना सहाय्यक पुरवतात. म्हणजे कंत्राटी पद्धत तिथंही आहे. त्याविषयी शेवटी बोलू.

आता शाळेची रचना पाहू. जपानमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची, त्यानंतर कनिष्ठ माध्यमिक तीन वर्षं, आणि मग उच्च माध्यमिक तीन वर्षं. पहिली नऊ वर्षं सक्तीची. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. २०२० पासून तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख असते. त्यात भर ऐकण्या-बोलण्यावर. पाचवी-सहावीला इंग्रजी हा पूर्ण विषय आहे, वर्षाला ७० तास. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा आणि त्यापुढचा ५० मिनिटांचा.

हे आकडे लक्षात ठेवा. वर्षाला ३५ तास म्हणजे आठवड्याला साधारण एकच तास. मुलांना सहाय्यक बाई भेटायच्या त्या तेवढ्याच वेळात. तो तास बाईंच्याच बोलण्यात गेला, तर मुलांच्या वाट्याला काय राहिलं?

वर्ग कुणाचा?

पहिली गोष्ट मनात पक्की करायची. वर्ग मुख्य शिक्षकांचा आहे. जपानमध्ये शाळेत शिकवायला शिक्षकाचा परवाना लागतो. सहाय्यकाकडं बहुधा तो नसतो. म्हणून धडा ठरवणं, गुण देणं, वर्गाची शिस्त, पालकांशी बोलणं ही जबाबदारी जपानी शिक्षकांची. सहाय्यकानं त्यांना जोड द्यायची.

प्राथमिक शाळेत तर पुष्कळदा वर्गशिक्षकच इंग्रजी शिकवतात. त्यांना गणित, भाषा, विज्ञान, खेळ सगळंच शिकवायचं असतं. इंग्रजीत त्या स्वतःच थोड्या बुजलेल्या असतात. अशा वेळी परदेशी सहाय्यक आली की दोन गोष्टी घडू शकतात. एक तर त्या शिक्षिका मागं सरकतात आणि म्हणतात, “तुम्हीच घ्या तास.” नाहीतर सहाय्यकच सगळा वर्ग ताब्यात घेते. दोन्ही वाटांनी नुकसान मुलांचं. मुलांना त्यांची बाई मनापासून माहीत असते. कोण लाजतं, कोण घरून रडत आलंय, कुणाला वाचायला जड जातं, हे त्या बाईंना कळतं. सहाय्यक आठवड्यातून एकदा येणार, तिला ते कुठून कळणार?

शिवाय एक मोलाची गोष्ट अशी. आपल्या बाई अडखळत का होईना इंग्रजी बोलतात, हसतात, पुन्हा बोलतात, हे मुलांनी पाहिलं की त्यांनाही धीर येतो. म्हणून समजूतदार सहाय्यक मुख्य शिक्षिकेला पुढं ठेवते. तिच्याशी वर्गासमोर छोटं संभाषण करते. “तुम्हाला कोणतं फळ आवडतं?” “मला पेरू आवडतो, तुम्हाला?” असं साध्या इंग्रजीत. मुलांना दोन मोठी माणसं त्या भाषेत खरोखर बोलताना दिसतात. पुस्तकातलं वाक्य कशासाठी आहे, हे तिथं कळतं.

मुख्य शिक्षकांची एखादी इंग्रजी चूक झाली, तर ती मुलांसमोर दुरुस्त करायची नाही. आपली पाळी आली की तेच वाक्य बरोबर रूपात बोलून जायचं. फारच गरज असेल तर तासानंतर, दोघंच असताना सांगायचं. भर वर्गात शिक्षकांचा मान गेला, की पुढच्या वेळी ते आपल्याला कोपऱ्यात उभं करणार. आणि त्यात नवल काय?

तासाआधीची पाच मिनिटं

या कामातली सगळ्यात मोठी तक्रार कोणती? सहाय्यकांमध्ये एक बोलणं फार चालतं, की आमचा ‘टेपरेकॉर्डर’ केलाय. शिक्षक सांगतात, “वाचा.” सहाय्यक वाचते. मुलं मागून म्हणतात. संपलं. पन्नास मिनिटांत दहा मिनिटं वाचन, बाकी वेळ भिंतीला टेकून उभं राहायचं. परदेशातून माणूस आणायचा आणि त्याला यंत्रासारखं वापरायचं, असं होऊन बसतं.

यात शिक्षकांचा दोष असतो असं नाही. त्यांना वेळ नसतो. तास, मुलांचे खेळ आणि छंदांचे वर्ग, बैठका, कागदपत्रं, यांत दिवस जातो. सहाय्यकाला काय द्यायचं हे ठरवायला त्यांना सवड मिळत नाही. म्हणून “मला काम द्या” असं म्हणून थांबायचं नाही. नेमकं विचारायचं. आमच्या मते तीन प्रश्न पुरतात.

पहिला, आज मुलांनी कोणतं एक वाक्य बोलायला शिकायचं आहे?

दुसरा, मुलं नेमकी कुठं अडतात?

तिसरा, यातली कोणती दहा मिनिटं मी सांभाळू?

हे तीन प्रश्न पाच मिनिटांत होतात. तेही जमत नसेल तर एका कागदावर लिहून टेबलावर ठेवायचे. जपानी शाळेत सगळ्या शिक्षकांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत, एकमेकांसमोर मांडलेली असतात. त्यामुळं चिठ्ठी ठेवणं सोपं. “दहा मिनिटं मी घेऊ का?” हे विचारणं फार उपयोगी. मोठी मागणी नाही, शिक्षकांना ओझं नाही, आणि सहाय्यकाला पाय रोवायला जागा मिळते. त्या दहा मिनिटांचं चीज झालं, की पुढच्या वेळी पंधरा मिळतात.

वाचनच करायचं असलं तरी ते नुसतं वाचन राहू नये. आधी धड्यातली चित्रं दाखवायची आणि पुढं काय होईल ते मुलांना विचारायचं. मग एकदा सावकाश वाचायचं, एकदा नेहमीच्या वेगानं. मध्येच एखादा शब्द मुद्दाम बदलायचा, म्हणजे “कुत्रा” ऐवजी “हत्ती” म्हणायचं, आणि मुलांनी तो पकडायचा. तेच वाचन, पण आता कान जागे झाले.

तोंड उघडत नाही, म्हणजे येत नाही असं नव्हे

आता खरा अवघड भाग. नवी सहाय्यक वर्गात जाते, मोठ्या उत्साहानं विचारते, “कोण सांगेल?” आणि वर्ग गप्प. एकही हात वर नाही. तिला वाटतं, मुलांना आपण आवडलो नाही, किंवा त्यांना काहीच येत नाही.

तसं नसतं. जपानी वर्गात चारचौघांत उठून दिसणं, सगळ्यांसमोर चुकणं, हे मुलांना जड जातं. मोठ्या वर्गांत तर जास्तच. उत्तर माहीत असलेलं मूलही आधी शेजाऱ्याकडं पाहतं. आपल्या गटाच्या पहिल्या बैठका आठवून पाहा. साहेबांनी विचारलं, “कुणाला काही बोलायचंय?” की सगळ्याजणी पदर सावरून खाली पाहायच्या. आणि साहेब गेले की काय बोलणं व्हायचं! बोलायचं पुष्कळ असायचं, पहिलं कुणी बोलायचं हाच प्रश्न असायचा.

त्यावर उपाय असा. प्रश्न विचारला की थांबायचं. मनात पाच, सात, दहापर्यंत आकडे मोजायचे. घाईनं स्वतःच उत्तर देऊन टाकायचं नाही. तरीही वर्ग गप्प असेल, तर म्हणायचं, “आधी शेजाऱ्याला सांगा.” दोघांत बोलून झालं, की चौघांत. आणि मग एखाद्या जोडीला विचारायचं, “तुमच्यात काय ठरलं?” आता उत्तर एकट्याचं राहिलं नाही, दोघांचं झालं. भीती अर्ध्यानं कमी झाली.

यात हिशेबही आहे. समजा वर्गात ३५ मुलं आहेत आणि तास ४५ मिनिटांचा. सहाय्यक बाईंनी एकेका मुलाला उभं करून विचारलं, आणि सगळा तास त्यातच घातला, तरी एकेकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येतं. बाकी पाऊण तास प्रत्येक मूल नुसतं ऐकतं. याउलट पाच मिनिटं जोड्यांनी बोलायला दिली, तर प्रत्येकाला अडीच मिनिटं बोलायला मिळतात. पाच मिनिटांत दुप्पट काम. गोंगाट होतो, होऊ द्यावा. फक्त मुख्य शिक्षकांना आधी सांगून ठेवावं, म्हणजे त्यांना वर्ग हाताबाहेर गेला असं वाटत नाही.

चूक झाली तर काय करायचं? एखादा मुलगा म्हणाला, “आय गो टू पार्क येस्टरडे.” त्याला थांबवून “चूक!” म्हटलं, की तो पुढचे दोन महिने बोलणार नाही. त्यापेक्षा बाईंनी हसून म्हणावं, “ओ, यू वेन्ट टू द पार्क येस्टरडे? नाइस!” बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं, आणि त्याचं बोलणंही पुढं सरकलं. त्या पोराला बाईंशी बोलायचं होतं. बाईंनी आधी त्याचं म्हणणं ऐकावं, व्याकरण मागून.

मिल्क आणि मिरुकु

भाषेची एक गंमत सांगतो. जपानी भाषेत बहुतेक अक्षरांना स्वर जोडलेला असतो. नुसतं व्यंजन असं जवळजवळ येतच नाही, एक ‘न्’ सोडला तर. त्यामुळं इंग्रजी शब्द जपानीत गेला की लांबतो. ‘मिल्क’चं होतं ‘मिरुकु’. मुलं रोज हा शब्द जपानी म्हणूनच वापरतात, आणि इंग्रजीच्या तासाला तसाच म्हणतात. शिवाय त्यांच्याकडं ल आणि र असे दोन वेगळे उच्चार नाहीत. म्हणून ‘लाइट’ आणि ‘राइट’ त्यांच्या कानाला सारखेच लागतात.

यावर टाळ्यांचा खेळ छान चालतो. ‘मिरुकु’ म्हणताना तीन टाळ्या पडतात, ‘मिल्क’ला एकच. ‘सुतोरोबेरी’ला सहा पडतात, कारण शेवटचा ‘री’ लांबवतात. इंग्रजी ‘स्ट्रॉबेरी’ला तीन. मुलं हसत हसत फरक ओळखतात. त्यांच्या उच्चाराची टिंगल होत नाही, दोन भाषांच्या दोन चाली आहेत एवढंच त्यांना कळतं.

मराठी बोलणाऱ्या मुलीला इथं थोडा फायदा आहे. ल आणि र आपल्या जिभेवर पक्के आहेत. वाक्याची ठेवणही जुळते. आपण “मी पाणी पिते” म्हणतो, जपानीतही “मी, पाणी, पिते” असाच क्रम असतो. इंग्रजीत मात्र क्रियापद आधी येतं. इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ हे शब्द ना मराठीत आहेत ना जपानीत. म्हणून त्या मुलांना ते का सुचत नाहीत, हे आपल्या मुलीला आतून कळतं. जिची मातृभाषाच इंग्रजी, तिला हे कदाचित कधी जाणवणारही नाही. पण आपल्यालाही सावध राहायला हवं. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ आपण एकसारखेच बोलतो. म्हणून पुस्तकासोबतचा आवाज आधी ऐकून, सराव करूनच वर्गात जावं. आणि “मी बोलते तेवढंच खरं इंग्रजी” असा आव आणू नये. जगात इंग्रजी अनेक तऱ्हांनी बोललं जातं, हेही मुलांना कळायला हवं.

खेळ खेळावा, पण बोलण्यासाठी

सहाय्यक म्हटलं की खेळ, असं समीकरण झालेलं आहे. खेळ हवाच. पण खेळात कोण बोलतंय ते पाहावं. बिंगो घ्या. बाई शब्द सांगतात, मुलं खुणा करतात. वर्ग खूश, पण मुलं पंधरा मिनिटांत एक शब्द बोललेली नसतात. तोच बिंगो थोडा बदला. प्रत्येक चौकोनात एक प्रश्न. मुलांनी वर्गात हिंडायचं, एकमेकांना विचारायचं, “तुला पोहता येतं का?” “तुझ्याकडं मांजर आहे का?” हो म्हणणाऱ्याचं नाव त्या चौकोनात लिहायचं. आता प्रत्येक मूल तेच वाक्य दहा वेळा बोललं, आणि तेही खरंच काही जाणून घ्यायला.

कनिष्ठ माध्यमिकच्या शेवटच्या वर्षात मात्र वेगळं भान लागतं. त्या मुलांपुढं उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा असते. शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायची चिंता असते, घरच्यांनाही काळजी असते. तिथं सहाय्यक बाई रोज नवा खेळ घेऊन गेल्या तर अडचणच. त्याऐवजी पाच मिनिटांचा ऐकण्याचा सराव, मुलांनी लिहिलेले परिच्छेद तपासायला मदत, वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्या मुलीची तयारी, अशी कामं मागून घ्यावीत. दहावीच्या वर्षाला आपल्या घरात जसं वातावरण असतं, तसंच ते आहे असं समजा.

वर्गाबाहेरची शाळा

जपानी शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आतले जोडे घालायचे. शिक्षकांच्या खोलीत गेल्यावर सगळ्यांना ऐकू येईल असं “ओहायो गोझाइमास” म्हणायचं, म्हणजे सुप्रभात. संध्याकाळी निघताना “ओसाकी नि शित्सुरेई शिमास” म्हणायचं. याचा अर्थ, तुमच्याआधी निघते, माफ करा. जपानी भाषा येत नसली तरी एवढी वाक्यं पहिल्या दिवसापासून यावीत. ज्या खोलीत सगळे एकत्र काम करतात, तिथं न बोलता आलं-गेलं की माणूस परकंच राहतं.

खुणांचंही लक्षात ठेवा. ‘मी’ म्हणताना तिथं लोक छातीला हात लावत नाहीत, नाकाकडं बोट दाखवतात. ऐकताना सतत मान हलवून हुंकार देतात. त्याचा अर्थ “ऐकतोय” असा असतो, “पटलं” असाच असतो असं नाही. आणि आपली ती डावी-उजवीकडं मान डोलवायची सवय! तिचा अर्थ हो की नाही, हे त्यांना कळत नाही. तिथं स्पष्ट शब्दात सांगावं.

दुपारचं जेवण बहुतेक प्राथमिक शाळांत सगळ्यांना मिळतं. शालेय भोजनाचा कायदा तिथं १९५४ साली झाला. पाळी असलेली मुलं पांढरे झगे आणि टोप्या घालून स्वतः वाढतात, आणि शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर जेवतात. जेवणानंतर किंवा दुपारी मुलं आणि शिक्षक मिळून वर्ग, जिने, मोऱ्या साफ करतात. सहाय्यक बाईंनी खोलीत एकटं बसून जेवण्यापेक्षा मुलांत जाऊन बसावं. तासाला गप्प असलेली मुलगी जेवताना हळूच विचारते, “डू यू लाइक नॅत्तो?” नॅत्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. फडकं हातात घेऊन सोबत जिना पुसला, की बाई आपल्यातल्या होतात.

शाकाहारी मुलींसाठी एक सूचना. जपानी आमटीत, भाजीत मासळीचा अर्क फार वापरतात. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शाळेला सुरुवातीलाच नम्रपणे सांगून आपला डबा न्यावा. त्यात कुणाचा अपमान नाही. न सांगता ताट तसंच परत केलं, तर मात्र मुलांना ते विचित्र वाटतं, कारण अन्न टाकू नये हा तिथला धडाच आहे.

एकाच सहाय्यकाकडं अनेकदा दोन, तीन किंवा त्याहून जास्त शाळा असतात. सगळ्या मुलांची नावं पाठ होणं कठीण. पण दर तासाला पाच नावं ठरवून लक्षात ठेवली, तरी वर्षाअखेरी पुष्कळ होतात. नावानं हाक मारलेलं मूल आणि “ए, तू” म्हटलेलं मूल, यांच्या चेहऱ्यात काय फरक असतो ते आपण सगळ्याजणी जाणतोच.

जाण्याआधी

एखाद्या मुलीला हे काम करायचं असेल, तर पदवी पूर्ण करावी, इंग्रजी बोलण्याचा रोज सराव ठेवावा, आणि इथं लहान मुलांना शिकवण्याचा थोडा अनुभव घ्यावा. जपानी भाषा येणं जेटच्या सहाय्यकाला सक्तीचं नाही, पण आलेली बरी. जपानी शिकायला पुणे हे आपल्याकडचं जुनं ठिकाण आहे. जपानी भाषेची परीक्षाही पुण्यात होते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड.

कोणत्या देशातून, कोणत्या जागा भरायच्या, हे दर वर्षी ठरतं. त्याची माहिती जपानच्या दूतावासाकडून घ्यावी. मुंबईत जपानचं वाणिज्य दूतावासही आहे. सरकारी योजनेतली जागा पैसे घेऊन मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. शेत गहाण ठेवून, गटातून मोठं कर्ज काढून असल्या माणसाच्या हाती पैसे देऊ नयेत.

खासगी कंपनीमार्फत जायचं असेल, तर करार ओळीओळीनं वाचावा. शाळेला सुट्टी असलेल्या महिन्यांत पगार पूर्ण मिळणार का? विमा कोण भरणार? घराचं भाडं कुणाकडं? काम मधेच थांबलं तर परतीचं भाडं कुणाचं? हे चार प्रश्न सही करण्याआधी विचारायचे, आणि उत्तरं लेखी घ्यायची.

काम जमतंय हे कसं ओळखायचं?

सहाय्यक बाईंचं काम कुणी गुणांत मोजत नाही. म्हणून तिनंच तास संपल्यावर मनाशी तीन गोष्टी विचाराव्यात. आज मी जास्त बोलले की मुलं? आजचं वाक्य किती मुलांनी स्वतःच्या तोंडानं, स्वतःविषयी बोलून पाहिलं? आणि उद्या मी नसताना मुख्य शिक्षकांना हाच तास थोडा जास्त सोपा जाईल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांचा. सहाय्यक जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. ती होती तोवरच वर्ग बोलका, ती गेली की पुन्हा गप्प, असं झालं तर तिनं करमणूक केली एवढंच म्हणता येईल. ती गेल्यावरही त्या बाई आणि ती मुलं एकमेकांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलत राहिली, तर तिचं काम तिथं उरलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटात एक करून पाहा. अध्यक्ष ताईंनी प्रश्न विचारला की लगेच हात वर करायला सांगू नका. आधी दोघी-दोघींनी दोन मिनिटं बोला, आणि मग जोडीनं उत्तर द्या. एरवी न बोलणारी कोण बोलली, ते आम्हाला जरूर कळवा.